शिक्का क्रमांक एकोणीस आणि साठ अंशांची खाच

मी, तेमिरकुल असानोविच जुमाशेव, वय वर्षे शहात्तर, राहणार सारी-बुलाक, चुय खोरे, किर्गिझस्तान, धंदा लेथकाम, श्रेणी सहावी म्हणजे सगळ्यात वरची, हा कागद आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि डावा हात थरथरतो, पण विचार मी या दोघांनी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाच्याने आणून पाहिला, त्याचा समाचार कलम पाचमध्ये घेतला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरायचा विचार नव्हता. आताही घाई नाही. घरदार, गुरे यांसाठी कागदाची गरजच नव्हती, ते आमच्या रिवाजाने ज्याचे त्याला गेले असते. कागद करावा लागला तो माझ्या शिक्क्यासाठी. तयार मालावर छापायला कारखान्याने मला दिलेला पोलादी शिक्का क्रमांक एकोणीस माझ्यामागे कोणाच्या हाती जावा, की कोणाच्याच जाऊ नये, हे ठरवल्याशिवाय मला डोळे मिटता येणार नाहीत.

कलम एक. घर, अंगण, मागची सफरचंदाची अकरा झाडे आणि तंदूर मुलगा मक्सात याला. आमच्यात बापाचे घर धाकट्या मुलाचे असते. मक्सात एकुलता, तेव्हा थोरलाही तोच आणि धाकटाही तोच, भांडायला कोणी उरले नाही. तो नऊ वर्षे येकातेरिनबुर्गला मालट्रक चालवतो आहे. पोरगा सरळ आहे, पण लोखंडाशी त्याचे कधी जमले नाही, आणि ते मी केव्हाच सोडून दिले. त्याची आई उमसुनाई हयात असेपर्यंत घरातली दारासमोरची वरची जागा तिची. पाहुणा कितीही मोठा आला तरी तिला तिथून उठवायचे नाही.

कलम दोन. दोन्ही गायी, कालवड आणि पोस्टातली सगळी शिल्लक माझी बायको उमसुनाई हिला. शिवाय एक जुनी गोष्ट इथे कबूल करतो. पंचाण्णव साली आमचा यंत्रदुरुस्तीचा कारखाना बंद पडला तेव्हा मी तिला न विचारता तिची माहेरची तांबडी गाय देऊन कारखान्यातला लेथ घरी आणला. ट्रॅक्टरमागे लाकडी ओंडक्यांवरून ओढत आणायला दोन दिवस लागले. ती दारात उभी राहिली.

"गाय देऊन काय आणलंत?"

"लेथ."

"दूध किती देतो?"

सगळी गल्ली हसली. मीच हसलो नाही. पुढच्या तीन वर्षांत याच लेथने तिच्या गोठ्यात दोन गायी आणल्या, पण ते ती कोणाला सांगत नाही. तरी विचारायला हवे होते. चुकलो.

कलम तीन. कारखान्याचे शेवटचे व्यवस्थापक दुइशेनोव यांच्यासाठी मी एक बादली लोखंडी कीस ठेवत आहे. आमचे मिलिंग मशीन, ज्याच्यावर मी सव्वीस वर्षे उभा राहिलो आणि ज्याचा पाट मी पोटच्या पोराच्या पाळण्यापेक्षा जास्त वेळा पुसला, ते त्यांनी तुकडे करून सीमेपलीकडे भंगारात विकले. हा कीसही विकावा, त्यांना सवय आहे.

त्या मशीनच्या जाण्याने माझ्या पोटावर पाय आला आणि माझे नाव झाले, दोन्ही एकदमच. कारण खोऱ्यातली निम्मी यंत्रे ज्या खाचांवर सरकतात त्या खाचा मारायला आता मशीन उरले नव्हते. लोक म्हणाले, लेथवर गोल वस्तू होते, खाच होत नाही. मी काम उलटे केले. एरवी लेथवर वस्तू फिरते आणि टूल स्थिर असते. मी फिरत्या तोंडात कटर बसवला आणि वस्तू सरकत्या पाटावर उभी आवळली. सत्याण्णव सालापासून आजपर्यंत कारा-बाल्ता ते तोकमोक या पट्ट्यात लेथवर तिरकी खाच मारणारा माणूस कोण, असे विचारले तर माझे घर दाखवतात. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पण बढाई वाटली तरी हरकत नाही.

कलम चार. लेथ, ग्राइंडर, मोजमापाची सर्व साधने आणि अक्रोडाच्या पेटीतले सगळे कटर माझी सून जिपार, मक्सातची बायको, हिला. तिच्या नवऱ्याला नाही, तिला. वकिलाने दोनदा विचारले, म्हणून दोनदा लिहिले.

जिपार आमच्या घरी दोन हजार आठ साली आली. मक्सात रशियाला गेल्यावर तिने आधी कीस झाडायला घेतला, मग माझा डोळा अधू झाला म्हणून मायक्रोमीटर वाचायला घेतला, आणि मग एक दिवस मला विचारल्याशिवाय टूलला धार लावली. धार माझ्यापेक्षा बरी होती. मी ते तेव्हा बोललो नाही. आमच्यात सून सासऱ्याचे नाव तोंडातून काढत नाही, 'अता' म्हणजे बाबा म्हणते, आणि माझ्या नावात 'तेमिर' म्हणजे लोखंड आहे. त्यामुळे नऊ वर्षे लेथवर उभी राहून ही बाई लोखंडाला 'काळा माल' म्हणते. बाजारात दुकानदार चक्रावतात.

तिला हे सगळे पाठ आहे, तरी माझ्यामागे कोणी तिच्याशी वाद घालू नये म्हणून कटर निवडण्याची रीत इथे माझ्या सहीनिशी लिहून ठेवतो.

तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी जी तिरक्या भिंतींची खाच, तिला आम्ही पाकोळीचे शेपूट म्हणतो. तिच्यात बसवलेला भाग पुढेमागे सरकतो, पण वर उचलून निघत नाही. तिच्यासाठी आधी कोन मोजावा, कटरला हात मग लावावा. पेटीत पंचावन्न अंशांचे चार कटर आहेत, कारण आमच्या जुन्या सोव्हिएत यंत्रांच्या सरकपट्ट्या पंचावन्नाच्याच. त्यातला क्रमांक दोनचा मान जाड असलेला कटर सगळ्यात विश्वासू. या कटरांची मान बारीक असते आणि मोडते ती तिथेच, म्हणून खाचेत मावेल तितका जाड मानेचा घ्यावा. दात कमी असलेला घ्यावा. जास्त दात म्हणजे जास्त ओढ, आणि कीस निघायला जागा नाही.

कार्बाइडचा कटर आपल्या लेथवर लावू नये. तो कडक आहे पण ठिसूळ आहे, त्याला घट्ट मशीन लागते. आपल्या लेथच्या सरकत्या भागांत माझ्या दातांइतका ढिलेपणा आहे. हादरा बसला की कार्बाइडचा दात उडतो. हायस्पीड स्टील हादरा सोसते, आणि बोथट झाले तर घरच्या ग्राइंडरवर पुन्हा धार घेते.

कटर तीन जबड्यांच्या चकमध्ये धरू नये, तो चालता चालता बाहेर सरकतो आणि खाच आपोआप खोल होत जाते. कोलेटमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरलेल्या नळीत, धरावा आणि मागून लांब बोल्टने ओढून घ्यावा. आधी साध्या कटरने सरळ खाच मारावी, तळाला थोडा माल राखून. मग तिरका कटर, एका वेळी एकच भिंत. खोली लावून झाली की पाटाखालची सरकती गाडी जागेवर आवळून टाकावी. काम नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध सारावे. बरोबरीने सारले तर जुना लेथ काम आत ओढून घेतो आणि मग कटर, काम आणि बोट यांपैकी काहीतरी जाते. पोलादावर मेंढीच्या शेपटाची चरबी लावावी. उमसुनाई पुलावाची चरबी मोजून ठेवते, पण तिने चार बोटे इकडे सोडावीत अशी विनंती आहे.

कलम पाच. माझ्या बहिणीचा मुलगा कुबात, वय वर्षे चव्वेचाळीस, बाजारात हत्यारांचा गाळा. आमच्यात म्हण आहे की भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, कारण मामाच्या घरातली एक वस्तू मागायचा भाच्याला हक्क असतो आणि मामाने नाही म्हणायचे नसते. गेल्या नौरोझच्या सणाला हा जेवायला आला आणि हात पुसत म्हणाला,

"मामा, माझा हक्क अजून बाकी आहे हं."

"घे ना. कालवड घे."

"कालवड नको. लेथ द्या. शिक्क्यासकट."

"तुला लेथ चालवता येतो?"

"चालवायचा कशाला? दुकानात दर्शनी ठेवीन. तुमच्या शिक्क्यावर माल दुप्पट जाईल."

मी त्याला हाकलले नाही, कारण ताटात अजून मटण होते. पण रिवाज मोडायचा नाही म्हणून त्याचा हक्क मी इथे पुरा करतो. त्याला माझा दगडी हौद, ज्यात तो लहानपणी पडला होता तो, देत आहे. स्वतः उचलून न्यावा. आणि "मामाने साखर कारखान्याची खाच माझ्याच गाळ्यावरच्या कटरने मारली" असे गिऱ्हाइकांना सांगणे आजपासून बंद करावे. ते खोटे आहे. खरे काय ते आता लिहितो.

कलम सहा. दोन हजार एकोणीसचा ऑक्टोबर. बीट काढून झाले होते आणि साखर कारखान्याच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत ट्रकांची रांग लागली होती. बीट कापायच्या यंत्रात सुऱ्यांची चौकट ज्या पट्टीवर सरकते ती पट्टी फुटली. नवी बाहेरून यायला तीन आठवडे, आणि तोवर बीट कुजणार. त्यांचा इंजिनियर फुटकी पट्टी पोत्यात घालून सकाळी माझ्या दारात आला. हा मान असतो. अशा वेळी कोणाचे दार आठवते ते बघा.

मी पट्टी हातात घेतली आणि जिपारला म्हणालो, "पंचावन्न. दोन नंबर काढ."

"अता, मोजलं नाही अजून."

"चाळीस वर्षं मोजतोय. या खोऱ्यात पंचावन्नाशिवाय दुसरा कोन जन्मलेला नाही."

"यंत्र कुठे या खोऱ्यातलं आहे? तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलंय."

इंजिनियर ऐकत होता. मला राग आला. म्हणालो, "तू चहा टाक."

ती गेली. जाताना फुटका तुकडा आणि पिनांची डबी एप्रनखाली घेऊन गेली हे मला कळले नाही. चहा आला तेव्हा तबकात पेल्यांशेजारी कागद होता. जेवणाच्या टेबलाच्या काचेवर पट्टी ठेवून तिने दोन जाडीच्या पिनांच्या जोड्या कोपऱ्यांत बसवून मापे घेतली होती.

"साठ आहे, अता. पंचावन्न असता तर दोन मापांतला फरक पाऊण मिलिमीटर जास्त आला असता."

मी तीनदा मोजले. साठच होता. पंचावन्नाचा कटर लावला असता तर पट्टी चौकटीत बसलीच नसती, आणि तेवढे चांगले पोलाद आमच्याकडे दुसरे नव्हते. आमच्या पिढीतल्या कोणत्याही लेथवाल्याने हीच चूक केली असती. पण त्यांच्याकडे शिक्का नव्हता, माझ्याकडे होता.

साठाचा कटर पेटीत नव्हता. कुबातला फोन केला, तो मोटारीने कार्बाइडचा घेऊन आला. "मामा, अस्सल जर्मन आहे." मी म्हणालो, "अक्षरं जर्मन आहेत." दुसरा काही नसल्यामुळे लावला. तिसऱ्या फेरीला दोन दात उडाले. बरे की भिंतीवर अर्धा मिलिमीटर माल राखला होता, ओरखडा त्यातच राहिला. कुबात आपला कटर रुमालात गुंडाळून गेला.

माझा हात तोवर असा थरथरत होता की मला पेला धरवत नव्हता. जिपारने स्टूल ओढून दिले.

"अता, तुम्ही इथे बसा आणि मला शिव्या द्या. काम मी करते."

तिने मोडक्या हायस्पीड टूलचा बोटभर तुकडा घेतला आणि ग्राइंडरवर त्याला एकच दात काढला. दर थोड्या वेळाने तो फुटक्या पट्टीच्या कोपऱ्यात बसवून उजेडाला धरायची, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायची. मी शिव्या द्यायला तोंड उघडले, पण द्यावी अशी जागा सापडेना. मग तो दात दांड्यात आवळला, दांडा कोलेटमध्ये, वेग सगळ्यात कमी, आणि चरबी लावून एक भिंत, मग दुसरी. एकच दात असल्यामुळे दर फेरीला टक्-टक् आवाज येत होता. दुपारी बाराला सुरू केले, चार वाजता खाच तयार होती. एका शतांशाचीही चूक नव्हती. (शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.) मी आयुष्यात इतकी चांगली खाच पाहिली नाही, आणि मी माझ्या स्वतःच्या सगळ्या पाहिल्या आहेत.

इंजिनियर मला वडीलधारा मानून म्हणाला, "शिक्का मारा, अक्साकाल." मी मारला. एकोणीस.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालू झाले. कारखान्याच्या संचालकांनी घरी येऊन मला मिठी मारली, डोक्यावर नवा पांढरा काल्पाक ठेवला, अंगणात मेंढा बांधला आणि चार माणसांत म्हणाले की असे हात आता उरले नाहीत. जिपार तेव्हा त्यांच्या पेल्यात चहा ओतत होती. मी मान डोलावली. साडेतीन वर्षे झाली, मी ती मान डोलावतोच आहे. ती एका अक्षराने बोलली नाही, आणि मला त्याचेच जास्त लागले.

म्हणून जाहीर करतो. साखर कारखान्यातली ती खाच जिपारने मोजली, जिपारने कटर निवडला, जिपारने घडवला आणि जिपारने मारली. काल्पाक तिच्याकडे द्यावा. मेंढा आम्ही खाल्ला.

कलम सात. शिक्का क्रमांक एकोणीस. एकोणऐंशी साली कारखान्यात नऊशे माणसे होती आणि असे शिक्के बावीस. ज्याला शिक्का मिळाला त्याचा माल तपासनीसाकडे जात नसे, तो स्वतःच तपासून स्वतःच छाप मारत असे. मुख्य तपासनीस लिदिया पावलोव्हना यांनी माझ्या हातात तो ठेवताना सांगितले होते, "तेमिरकुल, आजपासून तुझ्या मागे उभं राहून बघणारं कोणी नाही. तेव्हा तूच बघ." चाळीस वर्षे मी पाहिले. खराब माल माझ्या छापाखाली बाहेर गेला नाही, खराब निघाला तो स्वतःच्या हाताने मोडला. आणि मग एका दिवशी दुसऱ्याच्या कामावर माझा छाप मारून गप्प बसलो. माल खरा होता, छाप खोटा होता. खोटा पडलेला शिक्का कोणाला देऊ नये, भाच्याला तर नाहीच, पण जिपारलाही नाही. तिच्या चांगल्या कामाखाली माझे खोटे का असावे? सबब माझ्या मृत्यूनंतर हा शिक्का ग्राइंडरवर धरून अंक पूर्ण घासून टाकावा. घासायचे काम जिपारने करावे.

एवढे सोडून माझी दुसरी इच्छा नाही. जनाजा साधा करावा, घोडा कापू नये, कर्ज काढून सोहळा करणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो आहे.

सहीपूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचला. घरची माणसेही बसली होती. कलम सहा वाचून झाल्यावर उमसुनाईने डोळे पुसले आणि मला वाटले, आता जिपारही पुसेल. ती म्हणाली,

"अता, कलम सहा चुकलंय."

"काय चुकलंय? तुझंच नाव घातलंय."

"एका शतांशाचीही चूक नव्हती असं लिहिलंय. होती. लांबच्या टोकाला खाच दोन शतांश घट्ट होती. बसवताना मी कारखान्यात गेले होते ना, तिथे स्क्रेपरने हाताने घासून काढली."

"मला कोणी सांगितलं नाही ते."

"तुम्ही विचारलं नाहीत. शिक्का मारून बसला होतात."

"अगं, दोन शतांश. हे कोण वाचणार आहे? माझ्या मृत्युपत्रात तुझं कौतुक आहे, राहू दे की."

"नको. तुमच्या सहीखाली जाणार आहे ते. आणि माझ्या नावावर."

 साक्षीदार म्हणून बसलेल्या लिदिया पावलोव्हना आता एक्क्याऐंशीच्या आहेत, त्यांना ऐकू कमी येते, पण हे आले. त्या म्हणाल्या, "तेमिरकुल, तू घासून काय टाकायला निघालास? शिक्का खोटा पडत नाही, माणूस पडतो. आणि माणूस तर समोर बसलाय दुसरा."

 मी उठून कपाटातून शिक्का आणला आणि जिपारच्या हातात दिला. मी आयुष्यात मान घेतले आहेत, पण इतक्या अभिमानाने दिलेला हा एकच.

तेव्हा खालीलप्रमाणे दुरुस्त्या वाचाव्यात. कलम सहामध्ये "एका शतांशाचीही चूक नव्हती" हे शब्द खोडून "दोन शतांश घट्ट होती, ती तिने स्वतः काढली" असे वाचावे. कलम सात पूर्ण रद्द. शिक्का क्रमांक एकोणीस माझ्या मिळकतीतून वगळावा, कारण आज दुपारपासून तो माझा नाही.

लिहून देणार: तेमिरकुल असानोविच जुमाशेव (सही)

साक्षीदार एक: लिदिया पावलोव्हना ग्रेचिश्किना, निवृत्त मुख्य तपासनीस. शिक्का माझ्यासमोर दिला, माझ्यासमोर घेतला. (सही)

साक्षीदार दोन: तोक्तोसुन बायिझाकोव, शेजारी, निवृत्त शिक्षक (सही)

स्थळ: सारी-बुलाक. दिनांक: चौदा मार्च दोन हजार तेवीस.

शिक्का मिळाल्याची पोच: मिळाला. छाप मारून तपासला. नऊच्या अंकाची खालची कड झिजली आहे, दुरुस्त करून मगच वापरीन. जिपार (सही)